गोळी गरम पडते म्हणून

"गोळी कशासोबत घेते ही?" डॉक्टर उमा मॅडमनी विचारलं, तसा कडूबा खुर्चीत सावरून बसला. इतक्या वेळच्या तपासणीत त्याला येण्यासारखा हा एवढाच प्रश्न होता.

"दुधासोबत, मॅडम. निवळ भैशीच्या. पाण्याचा थेंब न्हाई बघा त्याच्यात. गोळी लई गरम पडती ना, म्हणून सकाळी एक गिलास, संध्याकाळी एक गिलास. मी सोताच्या हातानं देतो."

मॅडम प्रीतीच्या टाचेवरची पट्टी सोडत होत्या. त्यांचा हात होता तिथंच थांबला. त्यांनी आधी कडूबाकडं पाहिलं, मग प्रीतीकडं, मग पुन्हा कडूबाकडं.

"पहिल्या दिवसापासून?"

"पयल्या दिवसापासून! एक दिवसाचा खाडा न्हाई," कडूबा म्हणाला. आता शाबासकी मिळणार अशीच त्याची खात्री होती, बिचाऱ्याची.

"अहो काका, काय करून बसलात हे!" मॅडमचा आवाज एवढा चढला की दारातली नर्स आत डोकावली. "ह्या गोळीला दूध चालत नाही. दुधातलं कॅल्शियम तिला पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊच देत नाही. औषध आत गेलं तसं बाहेर पडतंय. आणि मी इथं डोकं खाजवतेय की पोरीला गोळी लागू का पडत नाही! तिच्या टाचेचं हाड आतून सडायला लागलंय, काका."

कडूबाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. दूध? दुधानं? विष दिलं म्हणाल्या असत्या तर त्याला एक वेळ कळलं असतं. पण दूध!

"पुढच्या तपासणीपर्यंत पू थांबला नाही, तर टाच परत उघडायची," मॅडम आता हळू बोलत होत्या, आणि ते जास्तच वाईट होतं. "खराब हाड काढून टाकावं लागेल. ही चालेल त्यानंतर, पण लंगडत. पळायचं मात्र विसरा."

टेबलावर बसलेल्या प्रीतीनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. तिच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. तिला घेरी येते की काय म्हणून नर्सनं पुढं होऊन तिला धरलं.

"दूध बंद. दही, ताक, पनीर, पेढे, दुधाचं काही म्हणजे काही नको, गोळ्या संपेपर्यंत. गोळी साध्या पाण्यासोबत. आणि सकाळी पोटभर, सकस काहीतरी खायला घाला तिला," असं मॅडम बरंच काही बोलल्या. पण 'दूध बंद' ह्याच्या पुढचं एक अक्षर कडूबाच्या कानात शिरलं नाही, आणि भेदरलेल्या प्रीतीच्याही नाही. त्याचे कान तिथंच बंद पडले होते, आणि ह्याचं काय झालं ते पुढं येईलच.

आता कडूबा कोण, हे सांगायला पाहिजे. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला ज्या हॉटेली आहेत, त्यांतल्या तातेरावच्या हॉटेलला दूध घालणारा तो हा कडूबा. थोडी शेती, एक म्हैस आणि आवाज मात्र साऱ्या गावाला पुरेल एवढा. एकदा बांधाच्या भांडणात तो तक्रार द्यायला पोलीस चौकीवर गेल्ता, तर कुणी त्याला 'बस' म्हणालं नाही. दिवसभर हात जोडून उभा राहिला आणि तसाच माघारी आला. त्या रात्री जेवताना त्यानं जाहीर केलं की आपल्या घरात एक वर्दी पाहिजे म्हणजे पाहिजे. घरात पोर एकच होती, प्रीती. ती तेव्हा बारावीला होती आणि ताटातली भाजी चिवडत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

तिथून जे सुरू झालं ते झालं. तांबडं फुटायच्या आत प्रीती सर्व्हिस रोडनं पळायची आणि मागून कडूबा मोटरसायकलवर, एका हातात मोबाईलमधलं घड्याळ लावून, "जल्दी! जल्दी! पाय उचल!" असं ओरडत यायचा. हायवेवरचे ट्रकवाले मान वळवून बघायचे. भुजंग म्हणून गावातलाच एक माजी सैनिक पोलीस भरतीच्या पोरापोरींचा सराव घ्यायचा, त्याच्याकडंही तिला घातली. कडूबा तर शिंप्याकडं जाऊन वर्दीला कापड किती लागतं हेसुद्धा विचारून आला. वर्दी सरकार देतं, हे त्याला त्या शिंप्यानं सांगितलं.

मग पळता पळता एक दिवस बाभळीचा काटा बुटाचा तळ फोडून प्रीतीच्या टाचेत गेला. घरीच सुईनं काढला, वरून हळद दाबली. अर्धा काटा आतच मोडून राहिला होता, हे कळायला टाच सुजून भोपळा व्हावी लागली. जालन्याला नेऊन उमा मॅडमकडून टाच उघडून साफ करून घेतली, गोळ्या चालू झाल्या. पुढं भरतीचं ग्राउंड, म्हणजे पळायची चाचणी, तोंडावर आलेलं. आणि आता हे असं.

जालन्याहून येताना एसटीत कडूबा एक शब्द बोलला नाही. अंबड गेलं तरी नाही. हा माणूस मयतीतसुद्धा गप्प बसत नाही, पण त्या दिवशी बसला. प्रीती खिडकीकडं तोंड करून होती. मधेच तो स्वतःच्या हाताकडं बघायचा आणि हात मांडीखाली घालून बसायचा.

घरी आल्यावर बायकोला, बेबीनंदाला सांगितलं, तर तिचा विश्वासच बसेना.

"अवो, दूध कधी कुणाला बाधलंय का? काहीतरीच काय!" ती म्हणाली. आष्टीला तिच्या माहेरी तर साधी तापाची गोळी आणली तरी आधी दुधाचा गिलास भरायचे आणि मग गोळी फोडायचे. गोळी गरम पडते, तोंड येतं, लघवीला जळजळ होते, हे तिथल्या लहान लेकरालाही ठाऊक. तिच्या आईनं तेच केलं, सासूनं तेच केलं, तिनंही तेच केलं. "मंग आमी समदे कसे बरे झालो?"

"त्या गोळ्या येगळ्या असतील! ह्या गोळीला न्हाई चालत, मॅडम म्हणल्या. हाड काढावं लागंल म्हणल्या, बेबी. हाड!" कडूबाचा आवाज फाटला. "माझ्या हातानं पाजलं मी. रोज. साय बी काढली न्हाई वरची."

बेबीनंदा मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांसमोर पोरीची लंगडी चाल आली असणार, कारण तिनं पदर तोंडात कोंबला. कडूबा मात्र गोठ्याकडं जाऊन म्हशीसमोर उभा राहिला आणि असा बघायला लागला की जणू तिनंच सगळा कट केला होता.

"तिच्याकडं काय डोळे वटारून राह्यले?" बेबीनंदा डोळे पुसत बाहेर आली. "चोर सोडून संन्याशाला फाशी! तिनं दूध दिलं, गोळीत ओता म्हणली न्हवती. इकडं या अन् सांगा, उद्या सकाळी पोरीला खायला काय घालू?"

हा सवाल दिसतो तेवढा सोपा नव्हता. त्या घरातली सकाळ सगळी दुधावरच चालायची. चहा दुधाचा. नाश्ता म्हणजे रात्रीची भाकर दुधात कुस्करून. कधी पाहुणा आला तर दुधातल्या शेवया. शिवाय बेबीनंदाला कांदे खुरपायला न्यायला टेम्पो सकाळीच यायचा आणि टेम्पोवाला कुणाच्या बापासाठी थांबत नव्हता. जे काय करायचं ते चुलीवर तवा तापेपर्यंत झालं पाहिजे आणि पोरीच्या अंगी लागलं पाहिजे. बेबीनंदानं रात्री डबे खालीवर केले, आणि मुगाची डाळ भिजत घातली.

पहिल्या सकाळी डाळ पाट्यावर वाटून, हिरवी मिरची, लसूण घालून धिरडी केली. सोबत कारळाची चटणी. काळा चहा गूळ घालून दिला, तर प्रीतीनं तोंड वाकडं केलं पण प्याली. दुसऱ्या दिवशी अंडी उकडली आणि भाकरीसोबत दिली. त्यानंतर सुशीला केली. आपल्याकडं मुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीच्या फोडणीवर परततात, वर डाळव्याचं कूट आणि शेंगदाणे घालतात, ती. त्याला वेळच लागत नाही. मटकीला मोड आणून ठेवले म्हणजे उसळीला तर फोडणीचाच काय तो उशीर. बेबीनंदाला स्वतःचंच नवल वाटायला लागलं की एवढं सगळं घरात होतं आणि आपण जन्मभर दूधच कुस्करत बसलो.

कडूबानं तर घराची चौकीच करून टाकली. गोळी पाण्यासोबतच गेली का, समोर उभा राहून बघायचा. दुधाची किटली तो आता घरात आणायचाच नाही, गोठ्यातूनच बाहेरच्या बाहेर तातेरावकडं. पोरीनं ताटलीत एक शेंगदाणा ठेवला तरी "तो कामून राह्यला?" म्हणून विचारायचा. प्रीती काही न बोलता तो शेंगदाणा खायची. पट्टी बदलताना तो श्वास रोखून वाकायचा, आणि पट्टीवर ओल दिसली की त्याचं तोंड काळं पडायचं.

आणि मग त्या धपाट्यांची सकाळ आली. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ, ओवा, भरपूर कोथिंबीर; वास असा सुटला होता की शेजारची तुळजाबाई भिंतीवरून डोकावली. प्रीतीनं एक धपाटं खाल्लं होतं, दुसरं हातात होतं. कडूबा परातीजवळ बसला तर परातीशेजारी दह्याचं भांडं, अर्धं रिकामं.

"हे काय?"

"दही. तुळजाबाईकडनं दही-ताक आणते ना मी. अवो, धपाट्याचं पीठ दह्यात मळल्याबिगर मऊ कसं राहील?"

"दही?" कडूबा एवढ्या जोरात ओरडला की तुळजाबाईचं डोकं भिंतीपलीकडं गेलं. "दही टाकलं? प्रीती, थुक! थुक ते आधी!"

"पण तुम्हीच तर म्हणले, दूध बंद! दह्याचं कुठं म्हणले तुम्ही?"

कडूबा बोलायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं की दह्याचं मॅडम काय म्हणाल्या होत्या, हे त्याला आठवतच नाही. काहीतरी म्हणाल्या होत्या. दवाखान्यात फोन लावला. नर्सनं सगळी यादी पुन्हा म्हणून दाखवली. उसळीसोबत ताक दिलं होतं, ते बेबीनंदाला आठवलं. सुशीलेवर दही घातलं होतं, तेही. आगीतून निघाले आणि फुफाट्यात पडले होते! बेबीनंदा परातीसमोर हमसून हमसून रडायला लागली. कडूबानं उरलेली धपाटी उचलली आणि म्हशीपुढं नेऊन टाकली. त्या दिवशी टेम्पो बेबीनंदाला न घेताच गेला.

त्यानंतर मात्र घरात दुधाचा डागही राहिला नाही. धपाटी पाण्यातच मळली, वरून जरा तेल जास्त, आणि तीसुद्धा चांगली लागली. तपासणीला जायच्या दिवशी कडूबाला एसटीचं दारही उघडेना.

उमा मॅडमनी टाच दाबून पाहिली. एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला. रक्ताचा रिपोर्ट वाचला. मग त्या चक्क हसल्या.

"वाचलं हाड. पू थांबलाय. आता गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा, आणि हे असंच खाऊ घाला."

"ग्राउंडला पळंल का, मॅडम?"

"हळूहळू सुरू केलं तर पळेलही."

झालं! जाताना मुका असलेला कडूबा येताना साऱ्या एसटीला गोष्ट सांगत आला. कंडक्टरला सांगितली, शेजारच्या म्हातारीला सांगितली, वडीगोद्रीला उतरून तातेरावच्या हॉटेलात उभ्या-उभ्या सांगितली. प्रीती त्याच्यामागं खाली मान घालून उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीनंदानं पुन्हा मुगाची धिरडी टाकली. कडूबा चुलीसमोर बसून परत तीच गोष्ट, ह्या वेळेस बायकोला, सांगत होता.

"माझ्यासारखा बाप असण्यापरीस नसलेला बरा, बेबी. पोरीची टाच नासवली असती मी. ह्या हातानं!" असं म्हणत त्यानं खाडकन स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. आणि पुन्हा एक.

"आबा, हात खाली घ्या," प्रीती म्हणाली.

"का घ्यावं? कुणी पाजलं दूध?"

"आबा, मला ठाव होतं."

"काय ठाव होतं?"

"ही गोळी दुधासोबत घ्यायची नसती ते. मेडिकलवाल्यानं सांगितलं होतं, पयल्याच दिवशी. तुम्ही रिक्षा बघायला गेल्ते तवा. ताई, दुधासोबत घेऊ नका बरं का, म्हणला."

कडूबा आधी हसला. त्याला वाटलं, बापाचं मन राखायला पोरगी बोलतेय. "येडी का खुळी तू? माझा गुन्हा सोताच्या अंगावर घेऊन राह्यली का?" पण प्रीती हसली नाही. तिच्या हातातल्या धिरड्याचे तुकडे तुकडे होऊन ताटलीत पडत होते. बेबीनंदानं उलथनं खाली ठेवलं.

"मंग पेत कामून होती?" कडूबानं विचारलं.

"मला पळायचं न्हाई, आबा. कधीच न्हवतं पळायचं. वाटलं, ग्राउंडच्या दिवसापर्यंत पाय दुखत राह्यला तर सुंठीवाचून खोकला जाईल. लोकं म्हणतील, बिचारीचा पाय. तुम्ही बी काही म्हणणार न्हाई. हाडच जाईल हे मला कुठं ठाव होतं? त्या दिवशी मॅडम बोलल्या, तवा मला वाटलं मी मरते."

"अगं पोरी!" बेबीनंदा ओरडली. "तोंड शिवलं होतं का तुझं? एक डाव न्हाई म्हणायचं होतं!"

"म्हणले होते. दम लागतो म्हणले, तर आबा म्हणले, पोलिसाला दम लागत न्हाई. पोट दुखतं म्हणले, तर मागून हॉर्न वाजवला." प्रीतीच्या डोळ्यांतून आता पाणी वाहत होतं, पण आवाज थांबत नव्हता. "साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं तुम्ही. तुम्हाला न्हाई म्हणण्यापरीस ते दूध पिणं सोपं होतं."

तव्यावरचं धिरडं करपून धूर झाला तरी कुणाचा हात तिकडं गेला नाही. दूध पाजलं हा गुन्हा त्यानं केव्हाच कबूल केला होता. अडाण्याची चूक म्हणून तो तिच्यावर रडू शकत होता, स्वतःला मारू शकत होता. पण पोटच्या पोरीला बापासमोर तोंड उघडण्यापेक्षा सडकी टाच परवडली, हे ऐकून त्याला मारायला स्वतःचा हातही सापडेना. त्याला राग आला, भयंकर आला, 'माझ्याच घरात मला फसवलं' असं ओरडावंसं वाटलं. आणि ओरडायला तोंड उघडलं तसं प्रीतीनं डोळे मिटून मान खांद्यात ओढून घेतली. ती मान कडूबानं पाहिली. पोर आपल्याला एवढी भिते, हे त्याला आजवर दिसलंच नव्हतं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. भुजंगचा फोन. गडबडीत स्पीकरचं बटण दाबलं गेलं आणि भुजंगचा आवाज साऱ्या घरात घुमला.

"जयभीम, आबा! टाच बरी झाली म्हणून तातेराव साऱ्या गावाला सांगून राह्यला. लई खुशीची बात हाय. मंग उद्यापासून आणा पोरीला ग्राउंडवर. टाइम कमी हाय."

कडूबानं प्रीतीकडं पाहिलं. ती जमिनीकडं बघत होती.

"ती येत न्हाई, भुजंग."

"कामून? पाय दुखतो का अजून?" भुजंग समजुतीनं म्हणाला. "मंग नकाच आणू. बराबर हाय तुमचं. मी सांगतो ना साऱ्यांना, पायामुळं राह्यलं म्हणून. कोण काय म्हणतंय?"

भुजंगनं दार सताड उघडून दिलं होतं. एक 'हो' म्हणायचं, की संपलं. तातेरावच्या हॉटेलात कुणी हसणार नव्हतं, कडूबाची मान खाली जाणार नव्हती. उलट लोक हळहळले असते. प्रीतीनं वर पाहिलं. बाप हो म्हणणार, हे तिला ठाऊकच होतं.

"पाय बरा हाय," कडूबा म्हणाला. "बिलकुल बरा हाय. तिला पळायचं न्हाई. मी कधी इचारलंच न्हवतं तिला, भुजंग. असंच सांग साऱ्यांना."

पलीकडून "हॅलो? आबा?" असं येत राहिलं. त्यानं फोन बंद केला. बेबीनंदा तोंडावर हात धरून नवऱ्याकडं बघत होती. हा माणूस तिनं ह्याआधी पाहिला नव्हता. प्रीतीचं रडणं तर बघता बघता थांबलं, एवढी ती चकित झाली होती.

"मंग तुला काय करायचंय?" कडूबानं विचारलं.

"मला अजून ठाव न्हाई, आबा."

ह्याच्यावर बापानं काय बोलायचं असतं, ते कडूबाला येत नव्हतं. त्यानं करपलेलं धिरडं तव्यावरून काढलं, पोरीसमोर मांडी घालून बसला, आणि ती पुढं काही बोलेल म्हणून गप्प राहिला.